पवनचक्क्यांआधी समुद्राचा आराखडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समुद्रातील पवनऊर्जेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. तीनुसार गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प उभे राहायचे आहेत. पश्चिम किनाऱ्यावर वारा पावसाळ्यात जोरात असतो आणि नेमकी तेव्हाच ढगांमुळे सौरवीज कमी पडते. त्यामुळे या विजेची उपयुक्तता मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न आहे तो समुद्रातील जागा ठरवण्याच्या पद्धतीचा.

गुजरातसाठी पाहिलेले क्षेत्र खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावावच्या समोर आहे. शेजारचे जाफराबाद हे बोंबलाचे मोठे बंदर असून तेथील मासेमारी आपल्या सातपाटी-वसईप्रमाणेच डोल जाळ्यांवर चालते. डोल एका जागी रोवून किंवा नांगरून ठेवलेली असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासे तिच्यात लोटतो. उधाणाच्या जोरदार प्रवाहात ती भरते, भांगाच्या मंद प्रवाहात रिकामी राहते. पुरेसा प्रवाह, योग्य खोली आणि तळाशी गाळ या तिन्ही गोष्टी जिथे जुळतात अशा जागा मोजक्याच असतात, म्हणून डोलकराला ‘थोडे बाजूला सरका’ असे सांगून भागत नाही.

त्यातून हंगामाचा पेच आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, किमान १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. वारा याच काळात भरपूर असला, तरी खवळलेल्या समुद्रात पाया रोवणे किंवा केबल टाकणे शक्य नसते. बांधकामाला साधारण ऑक्टोबर ते मे हे शांत महिनेच मिळतात आणि मच्छीमारांची कमाईही त्याच महिन्यांतली असते. भरपाईचा विचार केवळ पवनचक्क्यांच्या खांबांनी व्यापलेल्या जागेपुरता झाला, तर हे नुकसान हिशेबातच येणार नाही.

जमीन घेताना निदान सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. समुद्रात तोही नाही. नौकांची स्वयंचलित ओळख सांगणारी यंत्रणा मोठ्या जहाजांवर असते, लहान होड्यांवर बहुधा नसते. केवळ तिच्या नोंदींवरून नकाशा काढला, तर वहिवाटीचे पाणी मोकळे दिसेल. शिवाय १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढची केंद्राच्या. वीज, जहाजवाहतूक, पर्यावरण आणि संरक्षण यांची खाती निरनिराळी. सर्वांना एका नकाशासमोर बसवणारी कायदेशीर व्यवस्था आपल्याकडे नाही.

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने किनारी सदस्य देशांना सागरी आराखडा, म्हणजे समुद्रातील कोणती जागा कोणत्या कामासाठी हे आधीच ठरवणारा नकाशा, बंधनकारक केला. जर्मनीत पवनचक्क्यांचा पाया समुद्रतळात ठोकताना ७५० मीटरवर आवाज १६० डेसिबलपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा आहे आणि ती पाळण्यासाठी हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. पॉरपॉइजसारख्या लहान सागरी सस्तन प्राण्यांचे संरक्षण हा त्यामागचा हेतू आहे. आपल्या किनाऱ्यावरही हम्पबॅक डॉल्फिन आहेत, त्यामुळे हा नियम येथे गैरलागू ठरत नाही. स्वीडनने मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये संरक्षणाच्या कारणावरून बाल्टिकमधील १३ प्रकल्प नाकारले. असा आक्षेप कंपन्यांचा अभ्यास आणि पैसा खर्ची पडण्याआधीच नकाशावर यायला हवा होता.

नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे सागरी आराखड्याचे नियोजन भारतानेही हाती घेतले आहे. तेच काम खंभात ते डहाणू या पट्ट्यात, भाडेपट्टे देण्याआधी करावे. डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदरामुळे या पाण्यावरचा ताण वाढणार असल्याने महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागालाही त्यात स्थान असावे. डोलीच्या जागा मच्छीमार सहकारी संस्थांकडून हंगामनिहाय नोंदवून घ्याव्यात. खांबांमधून मासेमारीला परवानगी आहे की नाही, हेही प्रत्येक जाळ्याच्या प्रकारानुसार निविदेतच स्पष्ट लिहावे.

आपला,
एक वाचक, पालघर