शांघायच्या आयींना: आधी काय, मग काय

आयी, सप्रेम नमस्कार.

चिनी भाषेत 'आयी' म्हणजे मावशी. मराठी कानाला ते 'आई' ऐकू येतं, त्यामुळे शांघायच्या पुडोंग भागातल्या आपल्या वस्तीत आलेलं मराठी माणूस पहिल्याच दिवशी नातं एक पायरी वर नेऊन ठेवतं. वस्ती समितीच्या कार्यालयात तुमचं टेबल, सकाळ-संध्याकाळ कचऱ्याच्या डब्यांपाशी तुमचा पहारा, आणि तोंडी कायम दोन शब्द: 'श्येन' आणि 'झाय'. आधी हे, मग ते. या दोन शब्दांसाठीच हे पत्र. इथली निम्मी कामं क्रम चुकला म्हणून अडतात, आणि तो क्रम कुठल्याही खिडकीवर लिहिलेला नसतो. नव्याने येणाऱ्यांच्याही कामी यावं म्हणून तुम्ही सांगितलेलं जरा सविस्तरच मांडतो.

पहिलं 'श्येन' पोलिसांकडच्या नोंदीचं. हॉटेलात उतरलं तर ती हॉटेलवाले करतात. घरात राहायला गेलं की 24 तासांच्या आत ती आपण करायची. उशीर झाला तर समज मिळते किंवा 2000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. पासपोर्ट, व्हिसाचं पान, प्रवेशाच्या शिक्क्याचं पान, भाडेकरार आणि घरमालकाच्या कागदांच्या प्रती एवढं हाताशी हवं. नोंदीचा जो कागद मिळतो तो दिसायला किरकोळ, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं असतं. कामाच्या झेड व्हिसावर आलेल्याने 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा, आणि त्या अर्जाला हा कागद लागतो. घर बदललं, पासपोर्ट नवा झाला, व्हिसाचा परवाना झाला, की पुन्हा नोंद. भारतातून आई-वडील महिनाभर राहायला आले तरी त्यांची वेगळी नोंद. हे सांगायला तुम्ही कधी विसरला नाहीत, आणि विसरण्यासारखं नेमकं हेच असतं.

परवान्याचा अर्ज मिनशेंग रस्त्यावरच्या 1500 क्रमांकाच्या कार्यालयात होतो. निर्णयाला 15 दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि तोवर पासपोर्ट त्यांच्याकडे. हातात फक्त पावती, म्हणजे देशाबाहेर जाणं बंद. दिवाळीचं तिकीट त्या पंधरवड्यातलं काढू नये.

घर घेतानाचा प्रश्नही तुमचाच: 'नोंदीचे कागद देणार ना?' हे अनामत देण्याआधी विचारायचं. भाड्याचा मामला उघड व्हायला नको म्हणून काही घरमालक कागद द्यायला कचरतात. इथे 'या यी फू सान' ही रीत फार चालते, एका महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. एवढे पैसे गेल्यावर मालकाने हात वर केले तर भांडायला आपल्याकडे काही उरत नाही. कंपनी भाडं देणार असेल तर 'फाप्याओ', म्हणजे सरकारी नमुन्याची पावती मिळेल का, हेही त्याच बैठकीत विचारावं.

मग फोन, मग बँक, मग फोनमधलं पाकीट, म्हणजे पैसे देण्याची वीचॅट, अलीपे ही ॲप्स. इथे मराठी माणसाची अडचण वेगळीच. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, आणि दुसऱ्या ओळीत स्वतःच्या नावाला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. फोनच्या दुकानातला मुलगा आडनाव आधी टाकतो, बँकेतली बाई शेवटी टाकते, कुणी तीन शब्द जोडून एक करतं, कुणी रकान्यात मावलं नाही म्हणून मधलं नाव तोडतं. माणूस एक, पासपोर्ट एक, पण यंत्राच्या लेखी ती तीन माणसं. मग वीचॅटला बँकखातं जोडताना 'माहिती जुळत नाही' एवढंच येतं, काय जुळत नाही ते येत नाही. तुमचा उपाय साधा: पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांतल्या वरच्या ओळीत नाव ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने सगळीकडे लावायला सांगायचं. खिडकीवरून उठण्याआधी पडद्यावरचं नाव मोकळ्या जागांसकट उतरवून घ्यायचं, आणि पाकिटात तसंच्या तसं भरायचं.

बँकखातं होईपर्यंत व्हिसा किंवा मास्टरकार्डचं परदेशी कार्ड अलीपेला जोडून भागतं. 200 युआनपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, त्यावर गेलं की 3 टक्के. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, तो निघण्याआधी चालू करून घ्यायचा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ते सिम रोमिंगवर जिवंत ठेवायचं. आणि कोपऱ्यावरच्या फळवालीने दुकानाऐवजी स्वतःचा वैयक्तिक क्यूआर कोड टांगला असेल तर परदेशी कार्डाचे पैसे बऱ्याचदा जातच नाहीत, कारण माणसाकडून माणसाला पैसे पाठवणं त्या कार्डावर चालत नाही. थोडी रोकड खिशात असू द्यावी.

आता कचरा. शांघायात 1 जुलै 2019 पासून चार डबे: तपकिरी ओला, काळा सुका, निळा पुनर्वापराचा, लाल घातक. ओल्या कचऱ्याला म्हणतात 'शी लाजी', जे मराठी माणसाला पाठ करावं लागत नाही. पण आपल्या ओल्या-सुक्याच्या कल्पना इथे चालत नाहीत. भिजलेला टिश्यू सुका. बाळाचा डायपरही सुका, हातात कितीही जड लागो. कोंबडीचं हाड ओलं, मटणाची जाड नळी सुकी, कारण ती कुजत नाही आणि यंत्रात दळलीही जात नाही. चहाचा चोथा ओला, नारळाची करवंटी सुकी. शांघायकरांनी तेव्हाच काढलेली युक्ती तुम्ही हसत हसत शिकवलीत: डुक्कर खाईल ते ओलं, डुक्करही खाणार नाही ते सुकं, खाऊन डुक्कर मरेल ते घातक, आणि विकून डुक्कर घेता येईल ते निळ्या डब्यात.

सगळ्यात जास्त चुकतं ते पिशवीचं. ओला कचरा पिशवीसकट टाकायचा नाही. पिशवी फोडून आतलं तपकिरी डब्यात ओतायचं आणि रिकामी पिशवी काळ्या डब्यात. म्हणून भाजीची देठं घरीच निथळून न्यावीत, नाहीतर पाणी चपलेवर. डबे सकाळी आणि संध्याकाळी दोनेक तासच उघडे असतात. चुकलं तर दंड 50 ते 200 युआन. तुम्ही मात्र दंडाआधी स्वतःचा चिमटा पुढे करता.

पत्त्याचं थोडक्यात. आपला पत्ता माणसापासून सुरू होऊन शहराकडे जातो, इथला शहरापासून निघून खोलीवर थांबतो. त्यात 'नोंग' म्हणजे गल्ली, बहुतेकदा अख्खी सोसायटीच. 'हाओ' म्हणजे इमारत. 'श' म्हणजे खोली. हाओ गाळला की पार्सल फाटकावर पडून राहतं. पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. टॅक्सीवाला फोनचे शेवटचे चार आकडे विचारतो, तेव्हा एकला 'यी' न म्हणता 'याओ' म्हणायचं.

जेवणाच्या बाबतीत तुम्ही आम्हाला एका वाक्याने वाचवलंत. 'मांस नको' म्हटलं की स्वयंपाकी डुकराचं मांस काढतो, कारण नुसतं 'रौ' म्हणजे तेच. सुकी कोळंबी राहते, भाजीवरचा हॅमचा चुरा राहतो, कोंबडीच्या अर्काची भुकटी राहते, कधी डुकराची चरबीही. म्हणून म्हणायचं 'वो छ्र सू', मी सू खातो. सू म्हणजे शाकाहार, आणि बौद्ध मठातल्या कडक सूमध्ये कांदा-लसूणही बसत नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांना शांघायात याहून सोपा शब्द नाही. 1922 सालापासूनचं कुंगतलिन हे नानचिंग पश्चिम रस्त्यावरचं उपाहारगृह याच परंपरेतलं. तूरडाळ बाजारात मिळत नाही, मूग मात्र हवे तेवढे. वसंतात मंडईत 'छाओथौ' नावाची तीन पानांची भाजी येते. ती बघून प्रत्येक मराठी माणसाचा हात मेथी म्हणून पुढे जातो. ती मेथी नव्हे, कडवटपणा शून्य, पण लसणाच्या फोडणीवर परतली तर भाकरीशी छान जाते.

जूनच्या मध्यापासून तीनेक आठवडे आलुबुखारे पिकण्याच्या दिवसांतला पाऊस, कोकणातल्या आषाढासारखा. कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर बुरशी धरते. खिडकी उघडून हवा खेळवायची आपली सवय तेव्हा उलटते, कारण बाहेरची हवा आतल्याहून दमट असते. खिडक्या बंद, एसी कोरड्या हवेवर, कपाटात ओल शोषणाऱ्या डब्या. डबीत साठलेलं पाणी खारट आणि दाहक असतं, ते लाकडावर सांडू न देता मोरीत ओतायचं. थंडीत सरकारी उष्णतेच्या नळांची वाट बघू नये, ती सोय छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या उत्तरेला. इथे भिंती पुण्याच्या थंडीला लाजवतात.

दवाखान्यातही तुमचा क्रमच कामी येतो: आधी 'क्वाहाओ' म्हणजे नंबर, मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे, मग तपासणी, अहवाल घेऊन त्याच डॉक्टरकडे परत, मग औषधाची खिडकी. पैसे भरल्याशिवाय सुई टोचत नाहीत. फोनवरच्या नोंदणीने पासपोर्टचा क्रमांक नाकारला तर माणूस बसलेली खिडकी शोधायची. ताप असेल तर तापाचा विभाग वेगळा, तिथेच आधी जायचं. बाकी गरम पाणी प्या हा सल्ला आमच्या आज्याही देतात, त्यामुळे त्यावर वाद नाही.

हे पत्र फोन तुम्हाला चिनीत वाचून दाखवेल तेव्हा त्यातलं निम्मं वाकडं होईल, म्हणून सोबत करंज्यांचा डबा ठेवला आहे. त्यांत अंडं नाही, चरबी नाही, कांदा-लसूण तर नाहीच, सारण खोबऱ्याचं. खाऊन उरल्याच तर ओल्या डब्यात, पिशवी फोडून.

तुमचेच,
9 आणि 14 हाओमधली मराठी कुटुंबं