आई-बाबा, लक्सरला चला

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "बघू, अजून वेळ आहे" म्हणते आणि बाबा पावसापाण्याचं विचारायला लागतात. म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवते आहे. दोघांनी सावकाश वाचा.

सोमवार, 2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमध्ये लक्सर इथे खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. तुम्ही दोघांनी ते माझ्याबरोबर बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

बाबा, 22 जुलै 2009 आठवतं ना? सुरतेला पहाटे आपण छत्र्या घेऊन उभे होतो. सहा वाजून गेल्यावर एकदम काळोख झाला, पाखरं गप्प झाली, पण ढगांच्या वर काय चाललंय ते काही दिसलं नाही. परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसला होतात. आता येणारं ग्रहण त्याच ग्रहणाच्या कुळातलं आहे. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी 18 वर्षं, 11 दिवस आणि सुमारे 8 तासांनी जवळजवळ त्याच स्थितीत परत येतात. याला सारोस म्हणतात. त्या वरच्या 8 तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा आणखी फिरलेली असते, म्हणून सावली तितकी पश्चिमेला सरकून पडते. सुरतेला आपल्याला हुकलेलं ग्रहण आता नाईलच्या काठी येतंय.

आणि तिथे ढग नाहीत. लक्सरला ऑगस्टमध्ये पाऊस जवळपास पडतच नाही. हेच ग्रहण दक्षिण स्पेनमधूनही दिसेल, तिथे उकाडा कमी असेल, पण समुद्रावरून ढग यायची धास्ती राहील. मला आता ढगांवर अवलंबून राहायचं नाही. शिवाय लक्सरला खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकणार आहे. चंद्र तेव्हा पृथ्वीच्या जवळ असेल, त्यामुळे मोठा दिसेल. पृथ्वी सूर्यापासून वर्षातल्या सगळ्यात लांबच्या जागेपासून फारशी हललेली नसेल, त्यामुळे सूर्य किंचित लहान दिसेल. इतकं लांब खग्रास यानंतर थेट 2114 साली.

"आपल्याकडे 2034 ला आहेच की," असं बाबा म्हणतील. आहे, 20 मार्चला, कारगिल-लडाखच्या बाजूला. पण तेव्हा तिथे बर्फ असेल, हवा विरळ असेल आणि तुमची ऐंशी उलटलेली असेल. गुडघे साथ देताहेत तोवर जाऊ या.

"मुंबईकडूनही थोडं दिसणार आहे म्हणे," हेही ऐकलं. 2027 चं तिथून दिसेल, पण खंडग्रास, तेही ढगांनी दिसू दिलं तर. 2019 ला कोईमतूरला मी कंकणाकृती पाहिलं. सूर्याची बारीकशी कड उरली होती, तरी दिवस दिवसच राहिला. ती कडही झाकली जाते तेव्हाच सूर्याभोवतीचं पांढरं प्रभामंडल दिसतं, भर दुपारी ग्रह दिसतात, क्षितिजावर चहूकडे संध्याकाळ उतरते. नव्व्याण्णव टक्के आणि शंभर टक्के यांत एवढं अंतर आहे.

आई, आता तुझ्याशी. 2 ऑगस्टला आषाढातली आवस आहे, दिव्यांची आवस. सोमवार असल्यामुळे सोमवतीही. तुला घर सोडून जाणं जड जाईल, हे मला कळतं. पितळी निरांजन आणि समया इकडून नेऊ, कणकेचे दिवे तिथे करू. ग्रहणात केलेला जप शतपट फळतो असं लहानपणापासून तूच सांगत आलीस. तू आजवर तो देवघरात दार लोटून केलास. या वेळी सूर्यासमोर बसून कर. ग्रहण सुटल्यावर स्नानाला नाईलकाठच्या हॉटेलात पाणी आहे. आणि श्रावण दुसऱ्या दिवशी लागतो, पहिला सोमवार 9 तारखेला. त्याआधी मी तुला घरी आणून सोडते.

वेध मात्र बाबांनी पाळायचे नाहीत. गोळ्या आणि जेवण वेळेवर. यावर मी ऐकणार नाही.

उन्हाचं खरं सांगते, तिथे चाळिशीच्या वर पारा असतो. करमाळ्याचा मे महिना काढलेल्या माणसांना ते नवीन नाही, पण वय लक्षात घेऊन मी मोकळ्या वाळवंटात जायचं टाळलं आहे. जिथे सावली, पंखा आणि संडास हाताशी आहे अशी हॉटेलची गच्ची किंवा बाग बघते आहे. खग्रास तिथल्या दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे आपल्या साडेतीनला. सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, मान दुखेल, म्हणून आडवं होता येईल अशा खुर्च्या हव्यात. ग्रहणाचे चष्मे आय.एस.ओ. 12312-2 मानकाचेच घेणार आहे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, काहीही चालणार नाही. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर मात्र चष्मा काढायचा, आणि पहिला किरण डोकावला की लगेच परत लावायचा. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी नियम तोच.

मुंबईहून कैरो, तिथून तासाभराच्या विमानाने लक्सर. विमानतळावर बाबांसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवते. कर्नाक आणि राजांची दरी, म्हणजे जुन्या राजांच्या थडग्यांची जागा, पहाटेच उरकू. कर्नाकला अमून-रा या सूर्यदेवाचं देऊळ आहे, 134 खांबांचा मंडप. बाबा, तुम्हाला तिथून लवकर हलवता येणार नाही याची मला खात्री आहे.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. 22 जानेवारी 1898 ला खग्रासची सावली विजयदुर्गावरून आपल्या जेऊरवर आली होती. पुण्याचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला दुर्बिणी घेऊन जेऊरला तळ ठोकून होते, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे लोक समुद्र ओलांडून तिथेच आले होते. ज्या स्टेशनावर तुम्ही मला पुण्याच्या गाडीत बसवून द्यायचात, त्या गावी! त्या माणसांनी आपल्या गावापर्यंत यायचं मनावर घेतलं, तर आपल्याला इजिप्त लांब नाही.

पैशाचं बोलू नका. मी आणि दादाने ठरवलं आहे, आणि दादाच्या घरात काही अडणार नाही याची खात्री करूनच ठरवलं आहे.

त्या आठवड्याच्या खोल्या जगभरचे लोक केव्हापासून धरून ठेवताहेत, म्हणून तुमचा होकार मला लवकर हवा. तोवर एवढं करा. दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा, प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक हवेत. डॉक्टरांना लांबच्या विमानप्रवासाचं विचारा, गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या. आणि बाबा, संध्याकाळचा फेरा चुकवू नका. आई, तू त्यांच्याबरोबर जा.

रविवारी फोन करते, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवा.

तुमची,
मनू