सुरूर फाट्यावरच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

खंबाटकी घाट उतरल्यावर बंद पडलेली बाबांची 1996 ची गाडी तुम्हाला आठवत असेल. टाकी ठणठणीत कोरडी आणि काटा मात्र ऐटीत अर्ध्यावर. तुम्ही स्कूटरवरून दोन लिटर पेट्रोल आणलंत आणि गाडी शेडपर्यंत आणवलीत. आभार त्या पेट्रोलचेही आहेतच, पण हे पत्र त्यानंतरच्या दीड तासासाठी लिहितोय.

पुण्यात मला ठामपणे सांगितलं होतं की पेट्रोलचा पूर्ण मीटर बदलावा लागेल, आणि जुन्या मॉडेलचा मिळणं कठीण. तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, आधी काही उघडायचं न्हाई." पहिला प्रश्न विचारलात तो टेंपरेचरच्या काट्याबद्दल. तो नीट चालतो म्हटल्यावर मान डोलावलीत. दोन्ही काट्यांना करंट एकाच ठिकाणाहून येतो, तिथे बिघाड असता तर दोघंही खोटं बोलले असते, हे नंतर समजावलंत.

मग मागची सीट उचलून टाकीच्या फ्लोटची, म्हणजे आत पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ डबीची, वायर काढलीत. चावी ऑन केली, काटा खाली बसला. तीच वायर मध्ये पार्किंगचा छोटा बल्ब घालून बॉडीला टेकवलीत, काटा सावकाश फुलकडे चढला. थेट का नाही टेकवली? तर मीटरच्या आतली तार जळू नये म्हणून. एवढ्यात मीटर निर्दोष सुटला, वायरही. दोष टाकीत होता.

फ्लोट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावलीत आणि शेडबाहेर बिडी ओढणाऱ्या माणसाला जे सुनावलंत ते इथे लिहीत नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत नुसती वाफ असते, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

खरी गंमत पुढे. मल्टिमीटर लावून फ्लोटची दांडी वरखाली केलीत, 3 पासून 110 ओहमपर्यंत आकडा एकसारखा सरकला, मध्ये कुठे अडखळला नाही. फ्लोट कानाशी धरून हलवलात, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. म्हणजे सामान चांगलं! मी तर तोंड पाडलं. तुम्ही पितळी फ्लोट उन्हात फिरवत राहिलात आणि एका कडेला नखाएवढा चकचकीत डाग दाखवलात. दोन वर्षांपूर्वी टाकी धुतली तेव्हा कुणीतरी ओढून काढताना दांडी वाकवली होती. टाकीतल्या आडव्या पत्र्याला फ्लोट अर्ध्यावर टेकून राहायचा, पेट्रोल खाली गेलं तरी. पकडीने दांडी सरळ केलीत, नवं पॅकिंग घातलंत, झालं. काहीतरी चमकतंय एवढं मीही पाहिलं असतं, पण ते घासून चमकतंय हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

मजुरी तुम्ही घेतलीत ती कमीच होती. पण तुम्ही दिलेला गृहपाठ बाकी होता, तो केलाय. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर टाकलं. पहिल्या पाचला काटा लाल रेघेच्या जरा वर, पंधराला अर्ध्याच्या किंचित पुढे, पंचवीसला फुलच्या खाली केसभर. वळणावर अजून थोडा डुलतो. तो डुलणारच, असं तुम्ही आधीच म्हणाला होतात.

आपला,
अर्ध्या टाकीवाला