गोल ठिपक्यांची खोली

संपादक महोदय,

मुलांना चित्रप्रदर्शनाला नेले की 'हात लावू नका' हे पहिले ऐकावे लागते. चित्रकला शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ते फार खुपते. जपानी कलावंत यायोई कुसामा यांनी २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरी या सार्वजनिक कलादालनात मुलांसाठी नेमके उलटे केले. त्यांच्या 'द ऑब्लिटरेशन रूम'मध्ये दिवाणखाना मांडलेला असतो. भिंती, टेबल, खुर्च्या, दिवे, सगळे पांढरेशुभ्र. येणाऱ्याच्या हाती रंगीत गोल स्टिकर देतात. हवे तिथे चिकटवा! सुरुवातीला चार-दोन ठिपके उठून दिसतात. पुढे ठिपक्यांवर ठिपके चढत जातात आणि खुर्ची कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते, हेच कळेनासे होते. लहानपणी कुसामांना सगळीकडे ठिपके पसरल्याचे भास होत. त्याच ठिपक्यांशी इथे मुले मनसोक्त खेळतात, हे मला फार मोलाचे वाटते. लंडनच्या टेट मॉडर्नमध्येही ही खोली मांडली गेली.

यात अवाढव्य खर्च नाही. आपल्या महापालिकांनी आपल्या कलादालनातली एक खोली उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या ताब्यात द्यावी. कुसामांची नक्कल नको. ठिपक्यांची रांगोळी आपल्याकडे आहेच, वारली चित्रे आहेत. खडू, गेरू हातात द्या. दर आठवड्याला खोलीचा फोटो काढून दारात लावावा, म्हणजे पुन्हा येणाऱ्या मुलांना आपल्यानंतर काय काय भर पडली ते दिसेल.

– एक कलाशिक्षिका, सातारा