दूध बिलाचा कागद सरळ करून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

आमच्या दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. खाते नंबर, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम, पशुखाद्याची कपात आणि शेवटी हातात पडणारे पैसे. संगणकावर लिब्रेऑफिस कॅल्क या तक्ते-हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये सगळं नीट दिसायचं, पण छापलं की शेवटचा रकाना वेगळ्या कागदावर जायचा. मी पट्टी लावून कागद कापायचो आणि डिंकानं जोडायचो. एकदा जोड एक ओळ खाली सरकला आणि एका बाईंना त्यांच्या शेजारणीची रक्कम वाचून दाखवली गेली. ती गोष्ट माझ्या मनाला फार लागली होती.

तुम्ही भावाचं बिल न्यायला आलात, ते जोडकागद पाहिलेत आणि विचारलंत, ‘‘काका, हे दर वेळी करता?’’ मग तासभर शेजारी बसलात. माउस मात्र माझ्याच हातात ठेवलात.

फॉरमॅट मेनूतल्या पेज स्टाइलमध्ये कागद ‘लेटर’ होता, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आमच्या प्रिंटरमध्ये ए-फोर, २१० बाय २९७. कडेचे आकडे का कापले जात होते, ते इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं. मग पान आडवं केलं आणि शीट या टॅबमध्ये रुंदीला १ पान दिलं. उंचीची चौकट तुम्ही मुद्दाम रिकामी ठेवायला लावलीत. तिथंही १ घातलं असतं तर सगळी नावं एकाच पानात कोंबली जाऊन अक्षर मुंगीएवढं झालं असतं. प्रिंट रेंजेसमध्ये जाऊन मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर येईल असं केलं.

खरं काम त्यानंतरचं. जुनी नावं-आकडे पुसून फक्त सांगाडा ठेवला, फाइल मेनूतून तो टेम्प्लेट म्हणजे कायमचा साचा म्हणून सेव्ह केला आणि ‘सेट ॲज डिफॉल्ट टेम्प्लेट’वर टिक केली. आता कॅल्कची नवी फाइल उघडली की ती मापासकट, मथळ्यासकट तयारच येते. जुन्या फायली आपोआप बदलणार नाहीत, हेही तुम्ही आधीच सांगितलंत. नाहीतर मी काहीतरी बिघडलं म्हणून घाबरलो असतो.

पूर्वी मथळा पहिल्याच पानावर असायचा. तिसऱ्या-चौथ्या पानावरच्या माणसाला कपात कुठली आणि देणं कुठलं हे मला विचारावं लागायचं. परवा चौथ्या पानावरच्या एक आजी सही करायला आल्या. त्यांनी वरच्या मथळ्यावर बोट ठेवलं, सरळ खाली आणलं, स्वतःची रक्कम स्वतः वाचली आणि म्हणाल्या, ‘‘पेंडीचे जास्त कापलेत का रे?’’ आम्ही दोघांनी मिळून हिशेब तपासला.

तुमचा,
संस्थेचा सचिव