नव्या पशुवैद्यकांना हक्काचे ऑनलाइन व्यासपीठ हवे : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया,

मी मुंबईत पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवणारा नोंदणीकृत पशुवैद्यक आहे. आंतरवासिता (इंटर्नशिप) संपत आली की अनेक तरुण पशुवैद्यक माझ्याकडे कामाची किंवा पुढच्या शिक्षणाची चौकशी करायला येतात. आंतरवासितेसह साडेपाच वर्षे कष्टाने शिकलेल्या या मुलामुलींना कोणती संधी कळेल आणि अडचणीत कोणाचा सल्ला मिळेल, हे त्यांच्या गुणवत्तेपेक्षा ओळखीतला सिनिअर कोण आहे यावर ठरते, हे मला फार खटकते. ज्यांच्या घरात किंवा गावात यापूर्वी कोणी पशुवैद्यक झालेला नाही, त्यांची कोंडी सर्वांत मोठी असते. शासन, विद्यापीठ आणि पशुवैद्यकांची नोंदणी करणारी राज्य पशुवैद्यक परिषद यांनी मिळून विद्यार्थी व नोंदणीकृत पशुवैद्यक यांच्यासाठी एक ऑनलाइन व्यासपीठ उभारावे, अशी माझी आपणास विनंती आहे.

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा एकमेकांपासून दूरच्या आणि अगदी वेगळ्या परिसरांत आहेत. 1886 साली सुरू झालेल्या परळच्या महाविद्यालयात, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या सान्निध्यामुळे, विद्यार्थ्यांना कुत्र्या-मांजरांचे आजार भरपूर पाहायला मिळतात. उदगीर-परभणीच्या विद्यार्थ्यांचा हात गायी-म्हशी आणि शेळ्यांवर बसलेला असतो. पुढे परळची पदवीधर पशुधन विकास अधिकारी (शासकीय पशुवैद्यक) म्हणून जव्हार-मोखाड्याकडे रुजू होते आणि मायांग (गर्भाशय किंवा योनीमार्गाचा भाग) बाहेर आलेल्या गायीसमोर रात्री एकटी उभी असते, तर उदगीरचा पदवीधर अंधेरीतल्या दवाखान्यात लघवी तुंबलेल्या बोक्यावर उपचार करत असतो. या दोघांनी एकमेकांना दोन मिनिटे विचारले असते तर दोन्ही जनावरांचे भले झाले असते. पण एकाच विद्यापीठाची पदवी असूनही ते एकमेकांना ओळखत नाहीत, कारण त्यांचे व्हॉट्सअॅप गट महाविद्यालयानुसार आणि तुकडीनुसार वेगळे आहेत.

या गटांनी आजवर पुष्कळ मदत केली आहे, हे मी मान्य करतो. तरीही तिथे आलेला मजकूर कोणी लिहिला, तो जुना आहे की नवा, लिहिणाऱ्याची नोंदणी आहे की नाही, हे कळत नाही आणि चांगली चर्चा दोन दिवसांत खाली वाहून जाते. औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन झालेल्या गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर 2006 मध्ये बंदी आली, तर तशाच किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवर 2023 मध्ये. असा निर्णय प्रत्येक नव्या पशुवैद्यकापर्यंत त्याच दिवशी पोहोचायला हवा. कुणीतरी पुढे पाठवेल या भरवशावर तो सोडता येत नाही. 2022 मध्ये गायींमध्ये लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचण्याची मोहीम चालू होती आणि त्याच वेळी दुधाबद्दलच्या अफवाही फिरत होत्या. गोठ्यात उभ्या असलेल्या, आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्याला शेतकऱ्याच्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर हाताशी हवे होते.

लिंक्डइनसारखी व्यासपीठे आहेत आणि औषध, पशुखाद्य व कुक्कुटपालन कंपन्यांतील नोकऱ्यांसाठी ती उपयोगी पडतात. मात्र तिथला व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत चालतो आणि स्वतःची ओळख तिथे कशी मांडावी, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच कोणी शिकवते. पशुवैद्यकांच्या व्यावसायिक आचाराचे केंद्रीय नियम 1992 चे आहेत. त्या वेळी इन्स्टाग्रामचा प्रश्नच नव्हता. शस्त्रक्रियेची चित्रफीत टाकण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी का, उपचाराची माहिती कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे प्रश्न आजच्या मुलांपुढे रोज उभे राहतात. आंतरवासितेच्या सुरुवातीला यावर एक दिवसाचे प्रशिक्षण दिले, तरी मोठा फरक पडेल.

प्रस्तावित व्यासपीठावर प्रवेश परिषदेच्या नोंदणी क्रमांकानेच मिळावा आणि विद्यार्थ्यांची ओळख महाविद्यालयाने प्रमाणित करावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीशी जोडलेला आहे, त्यामुळे पडताळणीसाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. तिथे शासकीय, कंत्राटी आणि खासगी जागा खुलेपणाने दिसाव्यात, प्रकरणांवर मराठीत चर्चा व्हावी आणि ती पुढच्या तुकड्यांना विषयवार शोधता यावी. जनावर प्रत्यक्ष तपासण्याला मात्र ही चर्चा पर्याय ठरू नये.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विश्वासाचा आहे. हे व्यासपीठ खात्याच्या देखरेखीचे साधन झाले, तर ते पहिल्याच महिन्यात ओस पडेल. नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला ‘मला हे जमले नाही, पुढे काय करू?’ असे विचारताना आपला प्रश्न वरिष्ठांच्या टेबलावर जाईल, गोपनीय अहवालात उतरेल, अशी भीती वाटता कामा नये. म्हणून त्याचे दैनंदिन संचालन अध्यापक, अनुभवी खासगी पशुवैद्यक आणि तरुण पदवीधर यांच्या समितीकडे असावे आणि विचारलेल्या शंकेचा प्रशासकीय कारवाईसाठी वापर होणार नाही, असे शासनाने लेखी स्पष्ट करावे. मार्गदर्शन करणाऱ्या ज्येष्ठांच्या वेळेची दखल दर पाच वर्षांच्या नोंदणी-नूतनीकरणात घेता येईल का, याचाही परिषदेने विचार करावा.

आपण विद्यापीठाचे कुलगुरू, राज्य परिषदेचे अध्यक्ष, पशुसंवर्धन आयुक्त आणि सर्व महाविद्यालयांतील आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी यांची बैठक मंत्रालयात बोलवावी आणि आंतरवासितेच्या येत्या तुकडीपासून हे काम प्रायोगिक स्वरूपात सुरू करण्याचे निर्देश द्यावेत. मार्गदर्शकांच्या पहिल्या यादीत नाव देण्यास मी तयार आहे आणि मुंबईतील माझे अनेक सहव्यावसायिकही तयार होतील, असा मला विश्वास आहे.

आपला विश्वासू,
मुंबईतील एक नोंदणीकृत पशुवैद्यक