तांबड्या शाईचा अधिकार

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोहोचलं. चीनचे बादशहा जनानखान्यात रमले, खोज्यांनी, म्हणजे राजवाड्यातल्या नपुंसक केलेल्या सेवकांनी, त्यांचे कान भरले आणि राज्य गिळलं, असं तू लिहिलं आहेस. बहुतेक पुस्तकं हेच सांगतात आणि मला ते पटत नाही. कान भरणारे कुठल्या दरबारात नसतात? तरीही खोज्यांची सत्ता फक्त ठराविक कालखंडांतच बेसुमार वाढली, इतर काळात वाढली नाही. याचं कारण बादशहाच्या स्वभावात शोधण्याऐवजी दफ्तरात शोधावं लागतं. अर्ज कुठून आत जातो, कुणाच्या हातातून फिरतो, त्यावर शेरा कोण मारतो, हे पाहिलं की सगळं उलगडतं. म्हणून आज मिंग घराण्याविषयी (१३६८ ते १६४४) सविस्तर लिहितो.

गोष्ट सुरू होते १३८० मध्ये. मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू याला आपला वजीर हू वेइयोंग बंड करणार असा संशय आला. त्याने हूचा शिरच्छेद केला आणि वजिराचं पदच कायमचं मोडीत काढलं. सरकारची सहाही खाती थेट बादशहाच्या हाताखाली आली. परिणाम आकड्यांत नोंदलेला आहे: १३८४ मध्ये फक्त आठ दिवसांत १,६६० अर्ज आले आणि त्यांत ३,३९१ बाबी होत्या. म्हणजे दिवसाला चारशेहून जास्त निर्णय. होंगवू राक्षसासारखा काम करायचा, म्हणून निभावलं. त्याच वर्षी त्याने राजवाड्यात लोखंडी पाटी लावली की खोज्याने राज्यकारभारात लुडबुड केली तर मुंडकं उडवलं जाईल. पाटी ठसठशीत होती, पण चारशे निर्णयांचं ओझं पुढच्या बादशहांनी कसं पेलायचं याचं उत्तर त्या पाटीत नव्हतं. माझ्या मते खोज्यांना दार उघडून दिलं ते याच माणसाने, आणि तेही त्यांचा मनापासून तिरस्कार करत असताना.

ओझं दोन बाजूंनी वाटलं गेलं. बाहेरच्या बाजूला विद्वानांचं सल्लागार मंडळ तयार झालं. त्याला नेइगे म्हणत. त्यातल्या महासचिवांचा मूळ दर्जा जेमतेम पाचवा, मंत्र्यांहून कितीतरी खालचा. आतल्या बाजूला खोज्यांची चोवीस कार्यालयं होती आणि त्यांत सगळ्यांत वरचं सिली जियान, म्हणजे राजविधींचं खातं. नाव विधींचं, काम दफ्तराचं. होंगवूला खोजे अक्षरशत्रू हवे होते. पण १४२६ मध्ये त्याचा पणतू शुआनदे याने राजवाड्यातच खोज्यांसाठी शाळा काढली. दहा वर्षांच्या आसपासची दोन-तीनशे मुलं आणि शिकवायला हानलिन अकादमी या दरबारी विद्वानांच्या संस्थेतले पंडित. आता आतल्या बाजूला लिहिणारे हात तयार होऊ लागले.

मग १४३५ मध्ये एक लहान मूल गादीवर बसलं, झेंगतोंग. मुलाला समोरासमोर सल्ला देऊन काय उपयोग? तेव्हा नेइगेने कागदावर उत्तराचा मसुदा लिहून पाठवण्याची पद्धत पक्की झाली. पहाटेच्या दरबारातही दिवसाला आठच विषय घ्यायचे आणि त्यांची उत्तरं आदल्या दिवशीच लिहून आत पाठवायची, असं ठरलं. पोरवयातल्या बादशहासाठी केलेली ही सोय पुढे प्रौढ बादशहांनीही सोडली नाही. त्याच काळात वांग झेन या खोज्याने ती लोखंडी पाटी हलवली. तोपर्यंत तिचा धाक संपलाच होता.

आता अर्जाचा प्रवास नीट लक्षात ठेव. प्रांतातला अर्ज आधी आवक कचेरीत येतो, तिथे त्याची नोंद होते. राजधानीतले अधिकारी आपला अर्ज हुइजी दरवाज्यावर देतात. दरवाज्याच्या आत घेणारे हात खोज्यांचेच. आत त्यांचा स्वतंत्र लेखनकक्ष असतो, तिथे कागद पुन्हा नोंदला जातो. मग तो नेइगेकडे जातो. महासचिव काळ्या शाईत एका छोट्या चिठ्ठीवर उत्तर सुचवतात आणि ती चिठ्ठी अर्जावर चिकटवून आत परत पाठवतात. आता तांबड्या शाईचा शेरा हवा, कारण त्याशिवाय उत्तर म्हणजे हुकूम नव्हे. बादशहा स्वतः मोजक्याच कागदांवर लिहितो. उरलेले कागद सिली जियानचे 'लेखणीधारी' खोजे आपसांत वाटून घेतात. ते कधी चार-पाच असत, कधी आठ-नऊ. चिठ्ठीवरचा मजकूर सुवाच्य अक्षरात तांबड्या शाईने उतरवायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या वर शिक्का सांभाळणारा मुख्य खोजा. शेरा झालेला कागद बाहेर आला की तपासणी विभाग तो वाचतो आणि हुकूम चुकीचा वाटला तर परत पाठवू शकतो. मगच तो संबंधित खात्याकडे जातो.

वाचताना ही रचना शहाणपणाची वाटते. एकाने सुचवावं, दुसऱ्याने मंजूर करावं, तिसऱ्याने तपासावं. बिघाड होतो तो जोडाच्या जागी. कागद आत गेल्यावर उत्तरच आलं नाही तर? त्याला 'आत ठेवून घेणे' म्हणत, आणि ते कायद्याने बादशहाच्या अधिकारात होतं. वानली बादशहाने तर वर्षानुवर्षं असे कागद दाबून ठेवले. चिठ्ठी पसंत नाही म्हणून पुन्हापुन्हा परत आली तर? महासचिवाने काय ओळखायचं ते ओळखावं. आणि नेइगेला वगळून आतूनच हुकूम निघाला तर तपासणी विभागाने अडवायचा, पण अडवणाऱ्याला फटके बसू लागले की अडवणार कोण? आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाल्याची कथा सांगतात. तो करायलाही मूळ कागद आधी हाती यावा लागतो, आणि मिंग दरबारात प्रत्येक कागद खोज्यांच्या हाती यायचाच.

लिउ जिन (सत्ता १५०६ ते १५१०) याने या व्यवस्थेचं काय केलं ते बघ. बादशहा झेंगदे खेळात रंगला की हा नेमका तेव्हाच कागद घेऊन जायचा. वैतागून बादशहाने ते त्याच्यावरच सोडले. मग लिउ जिन अर्ज स्वतःच्या घरी नेऊ लागला. मेहुणा सुन त्सोंग आणि झांग वेनमियान नावाचा एक लबाड माणूस यांच्याशी बसून उत्तरं ठरवायचा. त्यांची भाषा गावंढळ, म्हणून महासचिव जियाओ फांग ती घासूनपुसून द्यायचा. अधिकाऱ्यांनीही मार्ग बदलला: आधी 'तांबडी प्रत' लिउ जिनला, मग 'पांढरी प्रत' आवक कचेरीला. सरकारी मार्ग जागेवरच राहिला, फक्त त्याच्या आधी एक खाजगी टप्पा आला. तरी १५१० मध्ये झांग योंग या दुसऱ्या खोज्याने तक्रार केली, आणि लिउ जिन त्याच रात्री पकडला गेला. पुढे त्याचे तुकडे तुकडे करून त्याला मारलं. त्याच्यासाठी एकही पलटण उभी राहिली नाही.

मिंगच्या कितीतरी आधीच्या थांग घराण्यात याच्या उलट होतं. तिथे आठव्या शतकाच्या अखेरीपासून शेन्त्से ही राजधानीची फौजच खोज्यांच्या ताब्यात होती. नंतरच्या इतिहासकारांनी मोजलं तर मूत्सोंगपासून आठ बादशहांपैकी सात खोज्यांनी गादीवर बसवलेले निघाले. ८३५ मध्ये बादशहाच्या संमतीने त्यांना मारायचा कट झाला, तो फसला आणि वजिरांचीच मुंडकी उडाली. तलवार हाती असलेल्याला बादशहाची गरज नसते. मिंग काळातल्या लेखणीवाल्यांना ती क्षणोक्षणी होती.

हीच लेखणी नीट चालली तर काय होतं, हेही विसरू नकोस. १५७२ ते १५८२ महासचिव झांग जुझेंग आणि शिक्काधारी खोजा फेंग बाओ यांचं जमलं होतं. चिठ्ठी आणि शेरा यांचा मेळ बसला, आणि जमिनीची मोजणी, करांची सुधारणा अशी मिंग काळातली मोठी कामं त्याच दहा वर्षांत मार्गी लागली. झांग जुझेंगला खोज्याशी संधान बांधल्याबद्दल दोष देतात. मला तो दोष अन्यायाचा वाटतो. त्या रचनेत काम करून घ्यायचा दुसरा रस्ताच नव्हता.

शेवटी खोजा वेई झोंगशियान. लिहितावाचता न येणारा हा माणूस 'लेखणीधारी' झाला. वाचायचं काम इतरांचं: ली योंगझेन अर्जातली मुख्य कलमं टिपून त्याला सांगायचा. शिक्काधारी वांग तिचियान पदाने वरचा, तरी वेईच्या खाली बसायचा. १६२४ मध्ये यांग लियान या अधिकाऱ्याने वेईवर चोवीस गुन्ह्यांचं आरोपपत्र लिहिलं. त्याला ते पहाटेच्या दरबारात बादशहाच्या तोंडावर द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी दरबार भरला नाही. आणखी एक रात्र गेली तर बातमी फुटेल म्हणून त्याने अर्ज हुइजी दरवाज्यावर दिला, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तो होता त्यांच्याच हाती. बादशहा तियानचीने तो वाचून दाखवायला सांगितला. वाचणारा वांग तिचियान. त्याने नेमका वर्मावरचा मजकूर गाळून उरलेला वाचला. पुढचे तीन दिवस दरबार झाला नाही, आणि चौथ्या दिवशी बादशहा शेकडो सशस्त्र खोज्यांच्या गराड्यात आला. कुणाला बोलू दिलं नाही. पुढच्या वर्षी यांग लियान तुरुंगात छळाने मेला. हे वाचताना दर वेळी जीव तुटतो. आरोप खरे, माणूस निडर, आणि सगळं अडलं ते एका दरवाज्यावर. १६२७ मध्ये तियानची वारला. तीन महिन्यांच्या आत वेईने गळफास घेतला.

मिंगनंतर आलेल्या मांचूंच्या चिंग घराण्याने यातून धडा घेतला. लोखंडी पाटी त्यांनीही १६५५ मध्ये लावली, पण खरा फरक पुढच्या उपायाने पडला. तांबडी शाई खोज्यांच्या हातून गेली. शिवाय गुप्त अर्जांची पद्धत आली. विश्वासातला अधिकारी कुलूपबंद पेटीतून थेट बादशहाला लिही, आणि उत्तर बादशहाच्या हस्ताक्षरात त्याच पेटीतून परत येई. खोजे राजवाड्यात राहिले, लाडकेही झाले. पण १८६९ मध्ये राजमाता त्सिशीचा लाडका आन देहाय मिरवत दक्षिणेकडे निघाला, तेव्हा शानतोंगचा सुभेदार डिंग बाओझेनने त्याला पकडलं, दरबाराकडून हुकूम मागवला आणि जिनान शहरात त्याचा शिरच्छेद केला.

थांग काळाबद्दल तुला आणखी हवं असेल तर कळव, फौजेच्या पगाराचा मुद्दा स्वतंत्रपणे लिहावा लागेल. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
मुकुंद